सोलापूर पाहायचं तर दिशा धरून पाहा

सोलापुरात येणारे बहुतेक पाहुणे खरं तर सोलापूर पाहायला आलेलेच नसतात. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर असा तीन देवांचा फेरा असतो आणि आमचं गाव मध्ये मुक्कामाला लागतं. लॉजवर रात्र, सकाळी गाडी, जाताना दोन चादरी. फेरा करू नका असं मी म्हणणार नाही, देवाला आलेल्या माणसाला कोण अडवतं! पण तीन देव एका दिवसात उरकण्याच्या घाईत निम्मा वेळ गाडीत जातो, आणि हा मुलूख पाहायचाच राहतो.

जिल्हा मोठा आहे. ठिकाणं शहराभोवती चारी दिशांना पांगलेली आहेत आणि एका दिशेचं ठिकाण दुसऱ्या दिशेच्या वाटेवर लागत नाही. त्यामुळे यादी करून निघू नका. एका दिवसाला एकच दिशा, एवढा नियम पाळलात तर चार दिवसांत पुष्कळ पाहून होतं.

आधी महिना ठरवा

तिकीट काढण्याआधीचं काम हे. सोलापूर पर्जन्यछायेतलं. वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा परतीच्या पावसाचा, म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर किल्ल्याच्या दगडावर हात टेकवत नाही. लहान मुलं किंवा वयस्क माणसं बरोबर असतील तर हे दोन महिने सोडूनच द्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. परतीच्या पावसाची ओल काळ्या जमिनीत मुरलेली असते आणि त्या ओलीवरच रब्बीची ज्वारी उभी राहते. डिसेंबरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना कणसं दिसू लागतात, मग हुरडा सुरू होतो. स्थलांतरित पक्षी याच दिवसांत येतात. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्राही याच काळात, मकर संक्रांतीला.

पण यात्रेसाठीच यायचं असेल तर खोली बरीच आधी ठरवा. मुख्य विधी १३ ते १६ जानेवारीच्या आसपास चालतात. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, ते पेलणारे बाराबंदी हा पांढरा अंगरखा घातलेले मानकरी, सिद्धरामेश्वरांनी, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांनी, स्थापन केलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, होमविधी आणि होम मैदानावर शोभेचं दारूकाम. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, त्याच्या या अक्षता. एकच दिवस हाताशी असेल तर अक्षतेचा धरा. दुपारी मंदिर परिसरात पांढऱ्या कपड्यांचा समुद्र असतो आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ म्हटलं की सगळं आवार घुमतं. गाडी मात्र लांब लावून चालत या, आतले रस्ते बंद असतात. विधी संपले तरी गड्ड्याची जत्रा, म्हणजे पाळणे, खेळणी, खाऊ, पुढे बरेच दिवस चालू राहते. गर्दी नको असेल तर तेव्हा या.

यायचं कसं, राहायचं कुठे

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, महामार्ग सरळसोट. रेल्वे त्याहून सोयीची. मुंबईत रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलं की सकाळी सोलापूर. हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळी पुण्याहून निघते आणि रात्री पोचवते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून मुंबई-सोलापूर वंदे भारतही आहे.

मुक्काम शहरातच करा, स्टेशन ते सात रस्ता या पट्ट्यात कुठेही. सगळ्या दिशांना इथूनच निघायचं आहे. रोज बाड-बिस्तरा हलवण्यात अर्थ नाही. शहरात रिक्षा पुरते. बाहेर जायला पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, मंगळवेढा या वाटांवर एसटी भरपूर आहे. नान्नजचं माळरान आणि हत्तरसंग कुडल या दोन ठिकाणांना मात्र स्वतःची किंवा भाड्याची गाडी लागेल.

भाषेची काळजी नको. इथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू एकाच चौकात ऐकू येतात आणि दुकानदार गिऱ्हाईक पाहून भाषा बदलतो. ‘मालक’ किंवा ‘अण्णा’ म्हणून हाक मारली की पत्ता नीट सांगितला जातो. बोलण्यात येणाऱ्या ‘बे’ला मात्र घाबरू नका, तो राग नसतो.

पहिला दिवस: शहर, तेही पायी

सकाळी लवकर सिद्धेश्वर तलावावर जा. बारावं शतक हा बसवेश्वरांचा आणि अल्लमप्रभूंचा काळ. त्याच काळात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमातून इथे तलाव उभारला. दुष्काळी मुलखात पाणी साठवणं हेच पुण्यकर्म, आणि त्या पाण्यातच आज त्यांचं मंदिर उभं आहे. त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि ग्रामदैवत ते मराठी-कन्नड-तेलुगू सगळ्यांचं. हे ध्यानात असलं की या शहराचा स्वभाव उलगडायला वेळ लागत नाही.

तलावाच्या काठालाच भुईकोट किल्ला. बहमनी काळातला, दुहेरी तटाचा, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातला. सिंहगड-राजगड पाहिलेली मंडळी ‘हा कसला किल्ला, चढच नाही’ म्हणतात. चढ नाही हीच त्याची गंमत. भोवती डोंगर नाही, तेव्हा सगळं संरक्षण तट, खंदक आणि तलावाच्या पाण्यावर. तटावरून मंदिर आणि तलाव एका नजरेत दिसतो. फोटो काढायचे ते उन्हं चढण्याआधी काढून घ्या.

तिथून चालत पार्क चौकाकडे. वाटेत चार हुतात्म्यांचे पुतळे लागतील. तिथे पाच मिनिटं थांबा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात उठाव झाला, काही दिवस इंग्रजांचं राज्य शहरात चाललंच नाही, मग मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. पुण्याहून येणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव यांच्यावरूनच आहे. जवळच इंद्रभुवन, महापालिकेची जुनी देखणी इमारत. बाहेरूनच पाहायची, पण नीट मान वर करून. वेळ असेल तर भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करत १९४२ मध्ये तिथेच गेला.

दुपारी उन्हात फिरू नका. जेवा आणि झोपा, सोलापूरकरही तेच करतात.

चारनंतर पूर्व भागात जा. सोलापूर एके काळी गिरण्यांचं गाव होतं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल ही नावं अजून पत्ता सांगताना ऐकू येतात. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमाग उरले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरं, गल्ल्यांत मागांचा खडखडाट. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तो इथेच, आणि नवरात्राच्या दिवसांत बायका फुलांचा बतुकम्मा मांडून त्याभोवती फेर धरतात. कारखान्यात डोकवायचं असेल तर आधी मालकाला विचारा. बहुतेक जण आनंदाने दाखवतात, पण चालू मागाजवळ ओढणी, पदर आणि लहान मुलं सांभाळा.

चादर घेताना

यावर जरा जास्त सांगावं लागेल, कारण ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापुरात विणलेली नसते. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. ते असूनही बाहेरचा माल इथल्या नावाने खपतो.

चादर उलटून पाहा. जॅकार्ड मागावर विणलेल्या खऱ्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना असते, फक्त रंग उलटे पडतात. एका बाजूला नक्षी आणि दुसरी बाजू फिकट असेल तर ती छापील आहे, ठेवून द्या. मग हातात तोलून पाहा. सुती चादर भरीव लागते. फारच हलकी आणि गुळगुळीत असेल तर सुताऐवजी दुसरं काही मिसळलेलं असण्याची शक्यता जास्त. काठ आणि शिवण पाहा, लेबल वाचा, पावती मागा. चाटी गल्लीत निवड मोठी मिळते, कारखान्यांच्या स्वतःच्या दुकानांत दर बरा पडतो. भाव करा, पण निम्म्याने मागू नका. विणकराच्या हातात मुळातच फार थोडं उरतं. आणि फक्त चादरीच्या मागे लागू नका. आता इथे टॉवेल आणि नॅपकिनच जास्त विणले जातात, आणि ते खरोखर टिकतात.

खायचं काय

ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. इथून सुरुवात करा. चटणी उखळात किंवा मुसळीखाली कुटलेली मागा, तिला शेंगदाण्याचं तेल सुटलेलं असतं. मिक्सरमधली कोरडी राहते. कडक भाकरी ही इथली दुसरी खासियत, पापडासारखी पातळ आणि वाळवलेली. ती आमटीत चुरून खातात आणि प्रवासात बरेच दिवस टिकते. शेंगापोळी, धपाटे, पातळ भाजी हे सगळं खानावळीत मिळेल. मटण खाणाऱ्यांनी सुकं आणि रस्सा दोन्ही मागवावं आणि रश्श्याला कमी लेखू नये. संध्याकाळी पार्क चौकाच्या आसपास गाड्या लागतात, हलकंफुलकं तिथे.

हिवाळ्यात आलात तर हुरडा चुकवू नका. शेतात आगटी पेटवून कणसं भाजतात, गरम गरम हातावर चोळतात, मग सोबत चटणी, गूळ, दही. हुरडा पार्ट्यांची जागा आदल्या दिवशी फोन करून ठरवा. सकाळी दहा-अकराच्या आत पोचलात तर कोवळा हुरडा मिळतो.

उत्तर: माळरान

मला विचाराल तर जिल्ह्यातली सर्वांत वेगळी जागा हीच, आणि सर्वांत कमी लोक इथेच जातात. बार्शी रस्त्याला वीसेक किलोमीटरवर नान्नज. १९७९ साली माळढोक या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, गावंच्या गावं त्यात आली, लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले, आणि पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करून जा: माळढोक दिसणार नाही. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ संपला आहे. जमिनीवर अंडं घालणारा, तेही बहुधा एकच. पाणी आलं, माळाचा ऊस झाला, विजेच्या तारा आल्या. उंच, जड शरीराच्या या पक्ष्याला त्या तारा वेळेत दिसत नाहीत. दिसलाच तर नशीब.

मग जायचं कशाला? माळासाठी. आपल्याकडे झाडं नसली की ‘ओसाड’ म्हणायची सवय आहे. पण हे गवत म्हणजेच इथलं जंगल. काळविटांचे कळप हमखास दिसतात. चंडोल, धाविक, तित्तर दिसतात, आणि हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून खालून तरंगत जाताना. नशीब जोरावर असेल तर खोकड किंवा लांडगा. सूर्य उगवताना तिथे असायला हवं. आठ वाजले की सगळं सावलीला जातं. प्रवेशाचं आधी वनखात्याकडे विचारून घ्या, कपडे मातकट रंगाचे घाला, दुर्बीण न्या आणि गाडी रस्त्यावरच ठेवा. काळविटांच्या मागे गाडी घालणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. फोटोत शेवटी धूळच येते.

येताना फेब्रुवारी-मार्च असेल तर नान्नजची द्राक्षं घ्या. ‘सोनाका’ ही लांबट मण्यांची जात याच गावची. वाट थोडी वाकडी करून तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलावही पाहता येतो. एकोणिसाव्या शतकात बांधलेला, हिवाळ्यात पाणपक्ष्यांनी भरलेला.

दक्षिण: कुडल संगम

विजापूर रस्ता धरा. शहर सुटता सुटता कंबर तलाव आणि सिद्धेश्वर वनविहार लागतात, सकाळच्या फेरीला दोन्ही चांगले. पुढे साधारण चाळीस किलोमीटरवर हत्तरसंग कुडल. इथे सीना भीमेला मिळते. पाण्याच्या कडेला संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन प्राचीन मंदिरं आहेत.

संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. ‘वाछि तो विजेया होइवा’, हे जो वाचील तो विजयी होईल. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. मराठीच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते, आणि कित्येक जण त्याच्या खालून दर्शन घेऊन निघून जातात. वर बघा. शेजारी हरिहरेश्वराच्या मंदिराला छत नसलेला स्वर्गमंडप आहे. त्या परिसरात १९९९ मध्ये उत्खननात निघालेलं बहुमुखी शिवलिंग तर जिल्ह्यातलं एकमेव नवल म्हणावं असं. एकाच पाषाणावर शेकडो छोटे मुखवटे, प्रत्येकाची बसण्याची ढब निराळी. मोजत बसलेले गावकरी ३५९ सांगतात.

इथे खाण्यापिण्याची फारशी सोय नाही. पाणी आणि डबा बरोबर ठेवा. पावसाळ्याच्या अखेरीस उजनीतून पाणी सोडलं की भीमा फुगते. तेव्हा निघण्याआधी चौकशी करा आणि नदीच्या पात्रात उतरू नका.

पश्चिम: भीमेकाठचा फेरा

हा पूर्ण दिवसाचा. जाताना मंगळवेढा, येताना मोहोळ असा गोल फेरा करा, तोच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

पहिला थांबा माचणूर. सिद्धेश्वराचं मंदिर, भीमेत उतरणारा दगडी घाट, आणि शेजारी ढासळत चाललेला किल्ला. १६९५ ते १६९९ या काळात औरंगजेबाची छावणी इथे ब्रह्मपुरीला होती. दिल्लीचा बादशहा या घाटाच्या शेजारी वर्षानुवर्षं तळ ठोकून बसला होता, हे पटायला वेळ लागतो.

मंगळवेढ्यात दामाजीपंतांचं मंदिर. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडणारा हा माणूस. मंगळवेढ्याला आजही ज्वारीचं कोठार म्हणतात, आणि इथल्या मालदांडी ज्वारीला मानांकन आहे. संत चोखोबा गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले तेही याच गावी, १३३८ मध्ये. त्यांची समाधी पुढे पंढरपुरात, महाद्वारासमोर नामदेव पायरीपाशी. मंगळवेढा पाहून पंढरपूर पाहिलं की त्या समाधीपुढे पाय आपोआप थबकतो.

पंढरपुरात एकादशी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळा. पदस्पर्श दर्शनाची रांग कित्येक तासांची होते. वेळ नसेल तर मुखदर्शन घ्या, विठोबा तेवढ्याने रुसत नाही. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा लॉजवर किंवा गाडीत ठेवून जा. दर्शन झालं की लगेच परतू नका. चंद्रभागेच्या वाळवंटात उतरा, पुंडलिकाचं दर्शन घ्या, पाणी असेल तर होडीने विष्णुपदाकडे जा. कुंकू, बुक्का, तुळशीची माळ घ्यायची ती प्रदक्षिणा मार्गावर.

आषाढीची वारी पाहायची असेल तर पंढरपुरात घुसण्याचा अट्टहास सोडा. माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असा तिचा मार्ग. सदाशिवनगरजवळच्या पुरंदवड्याचं किंवा अकलूजला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण गाठा. धावता अश्व, टाळमृदंग, पखवाज आणि धूळ. पहाटेच पोचा, जागा धरा, डोक्यावर टोपी ठेवा. वेळापूरला गेलातच तर अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन मंदिर वाटेवरच आहे.

पूर्व, आणि उरलेलं

अक्कलकोट चाळीस किलोमीटर. स्वामी समर्थांचं वटवृक्ष मंदिर, समाधी मठ, अन्नछत्रातला प्रसाद. अर्धा दिवस पुरतो. गुरुवारी गर्दी असते. रेल्वेने जाऊ नका, अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून बरंच लांब आहे, एसटी बरी. राजवाड्यातला जुन्या शस्त्रांचा संग्रह उघडा असेल तर पाहून घ्या.

तुळजापूर आणि नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात, पण सोलापूरहून प्रत्येकी तासाभरावर. नळदुर्ग पावसाळ्यात पाहा. बोरी नदीला पाणी आलं की पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात. उन्हाळ्यात तिथे फक्त भिंत दिसते.

उजनीचे रोहित पक्षी पाहायचे तर पुण्याला जाता-येता भिगवणला थांबा, त्यासाठी सोलापुरातून मुद्दाम उलटं जाऊ नका. करमाळ्याचं कमलादेवी मंदिर आणि तिथली शहाण्णव पायऱ्यांची विहीर सुंदर आहे, पण लांब पडते. नगर किंवा पुण्याकडून येणाऱ्यांनी ती वाटेत उरकावी.

एकच दिवस असेल तर

पहाटे नान्नज, नऊला परत, नाश्त्याला धपाटे. दहा ते बारा तलाव आणि किल्ला. दुपारी भाकरी-चटणी आणि विश्रांती. चारला पूर्व भाग, चादर घेऊन सहाला सिद्धेश्वराची संध्याकाळची आरती. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई. डब्यात वरचा बर्थ मिळाला तर नवी चादर लगेच कामाला येते, एसी फारच थंड असतो.